चर्चच्या मदतनिधीसाठी रॅफल काढणं हा जुगार ठरतो का?

जय ख्रिस्त. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातल्या वडगाव शेरीची प्रॉटेस्टंट मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय. चर्चच्या छताची दुरुस्ती निघाली आहे. तरुण संघाचा बेत असा की शंभर रुपयांची दोन हजार कूपनं छापायची, त्याच पैशातून स्कूटर आणून ती पहिलं बक्षीस ठेवायची आणि नाताळच्या कार्यक्रमात सोडत काढायची. कमिटीतले दोन ज्येष्ठ अडून बसलेत. ख्रिस्ती माणसाने चिठ्ठीवर भरवसा ठेवू नये, हा जुगार आहे, असं त्यांचं म्हणणं. तरुण म्हणतात, पैसा देवाच्या घराला लागणार आहे, मग जुगार कसला? दरम्यान साठेक कूपनं विकलीही गेली आहेत. कोणता ख्रिस्ती पंथ याबद्दल काय म्हणतो, हेही तुम्ही विचारलंय.

माझ्या मते ज्येष्ठांचा निष्कर्ष बरोबर आहे, पण कारण चुकलंय. तरुणांचा हेतू चांगला आहे, पण त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन हिशोब केलेला दिसत नाही.

आधी चिठ्ठीबद्दल. पवित्र शास्त्रात चिठ्ठ्या टाकल्याचे प्रसंग ठिकठिकाणी आहेत आणि बहुतेक ठिकाणी त्याबद्दल चकार शब्दाने दोष दिलेला नाही. यहोशवाने शिलो इथे उरलेल्या सात वंशांना जमीन वाटून दिली ती चिठ्ठ्या टाकून. प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकऱ्यांपैकी परमेश्वरासाठी कोणता, हे चिठ्ठीनेच ठरे. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी मत्थियाची निवड झाली तीही तशीच, आणि ती करणारे खुद्द प्रेषित होते. नीतिसूत्रे १६:३३ तर म्हणतं की चिठ्ठी माणूस टाकतो, निर्णय परमेश्वराचा असतो. तेव्हा ‘चिठ्ठी म्हणजे पाप’ हा मुद्दा शास्त्रावर टिकत नाही. मिटिंगमध्ये कोणी क्रुसाखालच्या शिपायांचा दाखला देईल, सहसा देतातच. पण तो उतारा नीट वाचा. चार शिपाई, कपड्यांचे चार वाटे, आणि बिनशिवणीचा झगा फाडायचा नाही म्हणून चिठ्ठी. त्यात कोणी स्वतःच्या खिशातला पैसा लावलेला नाही. तिथलं भयंकर काही असेल तर ते दुसरंच आहे: वर एक माणूस मरतोय आणि खाली त्याच्या कपड्यांची वाटणी चाललीये.

तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्विनासने चिठ्ठ्यांचे तीन प्रकार केले, ते आजही कामाला येतात. एक वाटणीची, एक सल्ल्याची, म्हणजे काय करावं हे ठरवण्याची, आणि एक भविष्य जाणून घेण्याची. त्याचा खरा रोख तिसऱ्या प्रकारावर होता. वाटणीची चिठ्ठी आपण पुण्यात रोज बघतो. भिशीत दर महिन्याला चिठ्ठी निघते, पण तिने फक्त क्रम ठरतो. पैसे शेवटी प्रत्येकाला पुरते मिळतात. म्हाडाच्या पुणे मंडळाची घरांची सोडत बघा. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत येते. आरटीईच्या शाळाप्रवेशाची सोडतही तशीच. या सगळ्यात नशीब आहे, पण माझ्या हरण्यावर तुमचं जिंकणं उभं राहत नाही. म्हणून याला कोणी जुगार म्हणत नाही, म्हणूही नये.

जुगाराला तीन पाय लागतात: पैसे भरणं, नशिबावर निकाल आणि बक्षीस. तुमच्या कूपनाला तिन्ही आहेत. तेव्हा रचनेने तो जुगारच, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. वाद आहे तो किती वाईट आणि कोणासाठी वाईट, एवढ्यावर. शास्त्रात ‘जुगार खेळू नका’ अशी सरळ आज्ञा नाही, हेही प्रामाणिकपणे कबूल करायला हवं. जे आहे ते आडवळणाने लागू होतं: दहावी आज्ञा (शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ धरू नको), १ तीमथ्य ६ मधला द्रव्यलोभाचा इशारा, घाईने मिळवलेलं धन विरून जातं हे नीतिसूत्रे १३:११, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती. माझ्या दृष्टीने शेवटचा मुद्दा सगळ्यात जड आहे. मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली पैशाबद्दल उपदेश करताना नेमका हाच धागा धरतात: भरपूर कमवा, पण शेजाऱ्याचं नुकसान करून नाही, आणि जुगाराने होणारी कमाई ही शेजाऱ्याच्याच पदरातून ओढलेली असते.

इथे एक बारीक फरक आहे, जो बहुतेक चर्चांमध्ये निसटतो. बक्षीस कूपनांच्या पैशातून विकत आणलं असेल तर जिंकणाऱ्याची स्कूटर हरणाऱ्यांच्या खिशातून येते. बक्षीस कोणी दान दिलं असेल तर हरणाऱ्याचा सगळा पैसा छताला जातो आणि जिंकणाऱ्याला मिळतं ते तिसऱ्याचं. दुसऱ्या प्रकारात शेजाऱ्याला लुबाडल्याचा दोष जवळजवळ उरत नाही. लोभाचा प्रश्न तेवढा उरतो. तुमची योजना पहिल्या प्रकारातली आहे.

आता हा लोभ ओळखायचा कसा? मनातल्या मनात कूपनावरून बक्षीस खोडून टाका. ‘छतासाठी शंभर रुपये’ एवढंच उरलं तर किती जण देतील? ज्यांनी तरीही दिले असते त्यांच्यासाठी ते दान होतं आणि स्कूटर केवळ गंमत. जे मागे फिरतील ते दान करत नव्हते, स्कूटरवर पैसे लावत होते. रॅफलची पंचाईत ही की दोन्ही माणसं एकाच रंगाचं कूपन हातात घेऊन बसतात आणि दोघांनाही वाटतं आपण देवाला दिलं. मंदिरातल्या दानपेटीत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेला येशूने नावाजलं, कारण तिने आपल्या गरिबीतून होतं नव्हतं ते सगळं टाकलं. परत काही मिळेल ही आशा त्यात नव्हती. कूपनावर ती गोष्ट छापलेली मी पाहिली तर मला हसावं की रडावं कळणार नाही.

कोणता पंथ काय म्हणतो हे विचारलंत, म्हणून झटकन सांगतो. रोमन कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाचा २४१३ वा परिच्छेद सांगतो की नशिबाचे खेळ किंवा पैजा मुळात न्यायाविरुद्ध नाहीत. पण त्यापायी स्वतःच्या किंवा अवलंबितांच्या गरजेचा पैसा जाऊ लागला की ते अयोग्य, आणि व्यसन लागलं तर गुलामगिरी. फसवणूक मात्र गंभीर बाब. म्हणून कॅम्पातल्या एखाद्या पॅरिशच्या (कॅथलिक मंडळीच्या) सणाला हाउजी, म्हणजे तांबोला, रंगली तर तिथल्या फादरना त्यात वावगं वाटत नाही. पूर्वापार कॅथलिक नीतिशास्त्री चार अटी घालत आले आहेत: लावलेला पैसा स्वतःचा आणि मोकळा असावा, खेळणारा स्वखुशीने खेळावा, कपट नसावं, आणि दोन्ही बाजूंना साधारण समान संधी असावी. दुसऱ्या टोकाला मेथडिस्ट आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी). अमेरिकन वळणाच्या मेथडिस्टांच्या नियमपुस्तकात चर्चसाठी पैसे उभारताना लॉटरी-रॅफल वापरायला चक्क नकार आहे. ब्रदरन आणि पेंटेकोस्टल मंडळ्यांत विषयच निघत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही १९७० साली सहा परंपरा एकत्र येऊन झालेली, त्यामुळे एकाच मंडळीत अँग्लिकन वळणाचं घर हाउजीला हसून बसेल आणि प्रेस्बिटेरियन किंवा ब्रदरन घरातले आजोबा उठून जातील. तुमच्याकडे घडलंय ते बहुधा हेच.

आता हिशोब. स्कूटर रस्त्यावर यायला एक लाख धरा, कूपनं छापणं-बॅनर-किरकोळ मिळून आठ हजार. म्हणजे खर्च १,०८,०००. पहिली १,०८० कूपनं विकेपर्यंत छताला एक रुपयासुद्धा मिळत नाही. दीड हजार विकली तर हातात ४२,०००, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस रुपये छताला. सगळी दोन हजार विकली, जे क्वचितच होतं, तरी ९२,०००, म्हणजे शंभरातले सेहेचाळीस. देणाऱ्याला कूपन फाडून देताना आपण म्हणतो ‘छतासाठी द्या’. त्याला हे सांगतो का, की तुमच्या शंभरातले निदान निम्मे स्कूटरच्या शोरूमला जाणार?

आणि खरी घसरगुंडी पुढे आहे. वीस डिसेंबर उजाडतो, नऊशे कूपनं विकलीत, अठरा हजारांचा खड्डा आहे. मग तीनपैकी एक गोष्ट होते. सोडत ईस्टरपर्यंत पुढे ढकलतात. ज्याने नाताळ बघून पैसे दिले त्याची फसवणूक. किंवा बक्षीस गुपचूप बदलतात, स्कूटरच्या जागी मिक्सर. किंवा, आणि हे सगळ्यात वाईट, न विकलेल्या कूपनांची अर्धी बाजूही (सोडतीसाठी आपल्याकडे राहणारा तुकडा) डब्यात टाकतात. दोन हजार चिठ्ठ्यांत विकलेल्या नऊशेच असतील तर न विकलेला नंबर निघण्याची शक्यता पंचावन्न टक्के. म्हणजे स्कूटर कमिटीकडेच राहण्याची शक्यता विकत घेणाऱ्या सगळ्यांच्या मिळून शक्यतेपेक्षा जास्त. हे कोणी वाईट हेतूने करत नाही. खड्डा बुजवायच्या घाईत होतं. पण वर सांगितलेली कॅथलिक सूटसुद्धा इथे संपते, कारण समान संधी गेली आणि कपट आलं.

विकणाऱ्यांकडेही बघा. संडे स्कूलच्या पोरांच्या हातात पंचवीस-पंचवीस कूपनांची पुस्तकं देऊन सोसायट्यांमध्ये पाठवायचं, ही पद्धत सर्रास आहे. दारात उभ्या पोराला नाही म्हणणं अवघड जातं, म्हणून लोक घेतात. याला स्वखुशी म्हणत नाहीत. शिवाय प्रत्येक मंडळीत एखादं तरी घर असतं जिथे मटक्याने किंवा मोबाइलवरच्या रमीने संसार धुऊन निघालाय. त्या माणसाला चर्चच्या दारातच कूपन विकणं म्हणजे रोमकरांस १४ मध्ये पौल ज्याला अडखळण म्हणतो तेच. त्याच अध्यायात दुसरी बाजूही आहे: जो खातो त्याचा न्याय न खाणाऱ्याने करू नये. ती ओळ ज्येष्ठांनाही वाचून दाखवायला हरकत नाही.

कायद्याचं काय? तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी नियमन कायद्यात लॉटरीची व्याख्या अशी आहे की तिकीट विकत घेऊन भाग घेणाऱ्यांना नशिबाने बक्षीस वाटण्याची कोणतीही योजना, कोणत्याही रूपात, कोणत्याही नावाने. त्यामुळे कूपनावर ‘सहकार्य’, ‘ऐच्छिक देणगी’ किंवा ‘मदतनिधी’ छापून काही साधत नाही. हा कायदा लॉटरी काढण्याची मुभा देतो ती राज्य सरकारांना, अटींसह. नियमबाह्य लॉटरीचं तिकीट विकणारा, वाटणारा आणि विकत घेणारासुद्धा दोन वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीला किंवा दंडाला पात्र ठरतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २९७ ही सरकारी परवानगी नसलेल्या लॉटरीबद्दल आहे. धर्मादाय हेतू आहे म्हणून आपोआप सूट, असं गृहीत धरू नका. ट्रस्टच्या वकिलाकडून लेखी मत घेतल्याशिवाय यापुढे एकही कूपन छापायचं किंवा विकायचं नाही. आणि उलट बाजूने, कायद्याने चालतं म्हणून धर्मानेही चालतं असं नाही. महाराष्ट्र सरकारची स्वतःची लॉटरी आहे, पावसाळ्यात पुण्याच्या रेसकोर्सवर घोडे धावतात आणि घोड्यांची शर्यत कौशल्याची असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला आहे. म्हणून उद्या पाळक मंडळीला रेसकोर्सवर घेऊन जाणार नाहीत.

कराचा फटका तर कोणाच्या ध्यानातच नसतो. लॉटरीच्या बक्षिसावर सपाट तीस टक्के कर, वर उपकर. मूळ सूट लागू नाही. दहा हजारांच्या वरचं बक्षीस वस्तूच्या रूपात असेल तर कर भरला गेल्याची खात्री करूनच ते हातात द्यायची जबाबदारी आयोजकाची. लाखाच्या स्कूटरवर तीस हजार. समजा नंबर निघाला चार घरी धुणीभांडी करणाऱ्या एखाद्या बाईंचा. स्टेजवर टाळ्या, हार, फोटो, आणि मग खजिनदार कानात सांगणार, “ताई, तीस हजार भरा, मग किल्ली देतो.” तो कर ट्रस्टने सोसायचा म्हटलं तर छताच्या ९२,००० मधले तीस हजार तिथेच गेले. कर कापून भरायला ट्रस्टला टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) लागतो, तोही आधी काढावा लागतो.

तर करायचं काय? तीन पायांपैकी एक काढून टाका, प्रश्न मिटतो.

नशीब काढा. आपल्या मंडळ्यांत हार्वेस्टला, म्हणजे कापणीच्या सणाला, लिलाव होतोच. शेतातलं, परसातलं, घरात केलेलं आणायचं आणि बोली लावायची. वीस रुपयांचा नारळ हजाराला जातो आणि घेणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की नऊशेऐंशी रुपये दान आहेत. इथे फसवणुकीला जागा नाही, कारण किंमत सगळ्यांसमोर ठरते. छतासाठी खास लिलाव ठेवायचा तर वस्तू तीस-चाळीसच्या वर नकोत. दीड तासानंतर लोक उठू लागतात आणि बोली पडते. केक, लोणचं, हाताने विणलेला स्वेटर, रोपं, एखाद्या सुताराचं एक दिवसाचं काम, एखाद्या शिक्षिकेची गणिताची दहा शिकवणी-सत्रं, असं काहीही चालतं. मोठी वस्तू मध्यात काढा, शेवटी नाही. बिघडतं ते वसुलीत: जोशात बोली लावलेले पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत. म्हणून वस्तू हातात देतानाच क्यूआर कोड किंवा रोख, पावती तिथल्या तिथे, आणि खजिनदाराशेजारी दुसरा माणूस वहीत लिहायला. ज्यांना बोली परवडत नाही त्यांच्यासाठी एक टेबल ठरलेल्या दराचं ठेवा, करंज्या-शंकरपाळ्यांच्या पुड्यांचं, म्हणजे कोणी रिकाम्या हाताने परत जायला नको.

किंवा बक्षीस काढा आणि सरळ वचनपत्रं, म्हणजे ‘मी इतकं देईन’ असं लिहिलेले कागद, भरून घ्या. ही पद्धत आपल्याला परकी नाही. पंडिता रमाबाईंच्या कामासाठी १८८७ साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली ती याच पायावर: सभासदांनी दहा वर्षं दरसाल ठरावीक रक्कम द्यायची. तुमचं गणित त्याहून सोपं. सत्तर कुटुंबांनी महिना दोनशे रुपये दहा महिने दिले तर १,४०,०००, खर्च फक्त पावतीपुस्तकाचा. सत्तर नसतील, पन्नास असतील, तरी एक लाख, म्हणजे सगळी कूपनं विकून मिळाले असते त्याहून जास्त. वचनपत्रावर रक्कम कोरी ठेवा, आधी छापू नका, आणि व्यासपीठावरून नावं-रकमा वाचू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तय ६ मधलं नेमकं इथे लागू पडतं. करसवलतीचं आमिषही दाखवू नका. ८०जी ची, म्हणजे देणगीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता निव्वळ धार्मिक ट्रस्टला सहसा नसते. असली तरी रॅफलच्या कूपनावर ती पावती देता आली नसतीच, कारण बदल्यात काही मिळण्याच्या आशेने दिलेलं ते दान नव्हे.

पैसे भरणं काढायचं असेल तर नाताळच्या कार्यक्रमात फुकटची सोडत ठेवा. दारात प्रत्येकाला एक चिठ्ठी, वर्गणी दिलेली असो वा नसो, आणि बक्षिसं दान आलेली, छोटी: केक, डायरी, स्टीलचा डबा. चिठ्ठ्या एकाच कागदाच्या, एकाच घडीच्या; पारदर्शक बरणी; काढायला सात-आठ वर्षांचं पोर. कमिटीच्या घरच्यांनी चिठ्ठी घेऊ नये. दानपेटी मात्र त्या बरणीच्या शेजारी ठेवू नका, नाहीतर दोन मिनिटांत लोक दोन्हींचा संबंध जोडतात.

राहिला प्रश्न विकल्या गेलेल्या साठ कूपनांचा. विक्री आजच थांबवा. अर्ध्या बाजूंवरून नाव आणि फोन नंबरांची यादी करा. ज्यांवर नाव नाही त्यांचा विकणाऱ्याकडून शोध घ्या. सहा हजार रुपये वेगळ्या पाकिटात, बाकीच्या निधीत मिसळायचे नाहीत. प्रत्येकाला कमिटीतल्या एकाने स्वतः फोन करायचा, तरुण पोरांवर ढकलायचं नाही: “सोडत रद्द झाली आहे, तुमचे शंभर रुपये परत घ्या.” तिथे थांबायचं. ‘की छताला ठेवू?’ हे आपण होऊन विचारायचं नाही. स्वतःहून कोणी ‘राहू द्या’ म्हणालं तर त्याच्याकडून कूपन घेऊन देणगीची पावती द्या. पैसे परत घेतलेल्यांची सही घ्या, कूपनं फाडून अर्ध्या बाजूंना डकवा. साठातून कितींनी परत घेतले आणि कितींनी राहू दिले, हे दोन्ही आकडे पुढच्या कमिटी मिटिंगच्या इतिवृत्तात लिहा आणि वाचून दाखवा, ज्येष्ठ आणि तरुण दोघंही हजर असताना.